हेड्डाच्या आवाजाचा उन्हाळा

जुलै लागला की आमची इमारत रिकामी होते. शाळा बंद झालेल्या असतात, तिकिटं कधीचीच काढून ठेवलेली असतात आणि एकेक बिऱ्हाड बॅगांना दोरी बांधून केरळला, हैदराबादला, कोकणात निघून जातं. जिन्यात फोडण्यांचे वास येईनासे होतात. लिफ्ट बोलावली की लगेच येते. कुवेत शहरातल्या बनेद अल-गारच्या आमच्या गल्लीत मग बायका-मुलांना गावी पाठवून एकटे उरलेले नवरे, गाड्यांखाली झोपणारी मांजरं आणि रस्त्याच्या मधोमध उभी असलेली खजुराची झाडं एवढंच राहतं.

ज्या हवेत माणसाला दाराबाहेर पाऊल टाकवत नाही, त्याच हवेत ही झाडं फळ पिकवायला घेतात. आधी हिरवे, मग हळदीसारखे पिवळेधमक घोस. ऑगस्टमध्ये समुद्रावरून दमट वारा सुरू होतो, दारातून बाहेर पडताक्षणी चष्म्याच्या काचा धुरकटतात, आणि तो पिवळा खजूर टोकाकडून तपकिरी, मऊ व्हायला लागतो. अर्ध्या कच्च्या, अर्ध्या पिकल्या अशा त्या फळाला इथे रुतब म्हणतात. ते फुटपाथवर पडतं, चपलांना चिकटतं आणि गुऱ्हाळाच्या आसपास येतो तसा आंबूस-गोड वास गल्लीभर पसरतो. गच्चीवरची टाकी तापल्यामुळे घरात नळाला उकळतं पाणी येतं. म्हणून आम्ही गीझर बंद करून ठेवतो. घराच्या आत असल्यामुळे त्याच्या टाकीतलं पाणी निवतं आणि आंघोळीला तेच वापरायचं. गरम पाण्याचा नळ गार आणि गार पाण्याचा नळ गरम. पाहुण्यांना हे सांगायला विसरलं की न्हाणीघरातून किंकाळी ऐकू येते.

परवा भाजी घेऊन येताना चपलेला खजूर चिकटला आणि मला हेड्डा आठवली. ती मला दर ऑगस्टमध्ये आठवते. स्वीडनमधल्या थंडगार गावातली, घशाच्या तळातून ओरडून गाणारी बाई आणि कुवेतचा पिकता खजूर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. माझ्यापुरता मात्र तो कायमचा जडला आहे.

त्या वर्षी मी गावी गेले नव्हते. नव्वदचं दशक सरत आलं होतं. लोकांना सांगायला माझ्याकडे चांगलं कारण होतं. माझा नवरा श्रीकांत मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनियर. त्या उन्हाळ्यात तिथे शटडाउनचं काम होतं, म्हणजे एक अख्खं युनिट थंड करायचं, उघडायचं, साफ करायचं आणि पुन्हा सुरू करायचं. सगळ्यांच्या रजा रद्द. आम्ही दोघं रत्नागिरीच्या कॉलेजात अकरावी-बारावीला एका वर्गात होतो, त्यामुळे आमच्यात अहो-जाहो कधी जमलंच नाही. "तू जाऊन ये," तो म्हणाला. मी म्हटलं, "तुला सोडून नको."

खरं कारण मार्चमधलं होतं. पाचव्या महिन्यात माझं बाळ गेलं. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी राहिलेलं. गावी गेले असते तर आत्या, काकू, जावा एकेक करून शेजारी येऊन बसल्या असत्या, माझा हात हातात घेतला असता. त्या हातांत वाईट काही नव्हतं. मला ते सोसले नसते, इतकंच. मी इथल्या भारतीय शाळेत हिंदी शिकवत होते. घरी दोन आठवडे राहून परत गेले, सुट्टीपर्यंत अभ्यासक्रम पुरा केला, पेपर तपासले. रडले मात्र नाही. श्रीकांतला त्याची काळजी वाटायची. मला वाटायची नाही. मला वाटायचं, जमलं आपल्याला.

एका सकाळी पाण्याचा दाब कमी आला म्हणून मी खाली उतरले. इमारतीच्या पोटात सरदाब आहे, म्हणजे तळघर. तिथे पाण्याचा पंप. जिन्यातच तो आवाज ऐकू आला. आधी वाटलं, पंपाचं काहीतरी बिघडलं. मग वाटलं, कुणाचा तरी जीव जातोय. सरदाबच्या दाराशी आमचा पहारेकरी अबू सामी डोक्याला हात लावून उभा होता. तो इजिप्तचा, आखातात सगळे बोलतात तसलं हिंदी बोलायचा.

"मॅडम, अंदर औरत है," तो म्हणाला. "मैं नहीं जा सकता. आप देखो."

मी आत गेले. एक उंच बाई, पांढरा सदरा, पिवळसर केसांची जाड वेणी, शिक्षा केलेल्या मुलीसारखी भिंतीकडे तोंड करून उभी होती. डोळे मिटलेले, तळहात बरगड्यांवर. तिने श्वास घेतला आणि पुन्हा तो आवाज काढला. करवत, वादळ आणि बाईचा गळा असं सगळं एकत्र. संपल्यावर ती शांतपणे बाटलीतलं पाणी प्यायली, वळली आणि तिने मला पाहिलं.

"काय झालं?" मी इंग्रजीत विचारलं. आमचं सगळं बोलणं पुढेही इंग्रजीतच झालं. इथे मी ते आपल्या भाषेत सांगते आहे.

"काही नाही. काम करतेय," ती म्हणाली. "वरपर्यंत ऐकू येतं का?"

"जिन्यात येतं."

तिने झटकन ओठांतून आत श्वास ओढला. मला वाटलं, दचकली. दोन-तीनदा असंच झाल्यावर तिने उलगडा केला. ती आली होती त्या उत्तरेकडच्या भागात 'हो' असंच म्हणतात, आत श्वास ओढून. मी म्हटलं, आमच्याकडे असा श्वास ओढला तर माणसं पाणी आणायला धावतील.

हेड्डा त्या उन्हाळ्यात आमच्याच इमारतीत राहत होती आणि समुद्राकाठच्या एका हॉटेलात गायची. संध्याकाळी, एका फिलिपिनो पेटीवाल्याच्या साथीने. पेटी म्हणजे आपली हार्मोनियम नव्हे, विजेवरचा कीबोर्ड. श्रीकांत आणि मी एकदा तिला ऐकायला गेलो. कुटुंबं जेवत होती, मुलं आइस्क्रीमसाठी रांगेत होती, आणि ती निळ्या झग्यात उभं राहून मऊ मऊ इंग्रजी प्रेमगीतं गात होती. कुणी मान वर करून बघत नव्हतं. सरदाबमधली बाई हीच, हे श्रीकांतला पटेना.

"ही गाणी म्हणजे हॉटेलातल्या उशा," ती नंतर म्हणाली. "कुणाच्याही डोक्याखाली चालतील अशा."

तिची हकीकत मला तुकड्यातुकड्याने कळली, माझ्या स्वयंपाकघरात चहा पिताना. तिचं गाव लाकूड कापण्याच्या कारखान्याभोवती वसलेलं. हिवाळ्यात दुपारीच अंधार. शाळेतल्या तीन मुलांबरोबर तिने एका गॅरेजमध्ये गायला सुरुवात केली. त्यांच्या संगीताला मेटल म्हणतात. त्यात गिटार कारखान्यासारख्या घरघरतात, ढोल छातीत वाजतात आणि गाणारा किंवा गाणारी त्या सगळ्याच्या वर आपला आवाज चढवते. शब्द तिचे, चाली बहुतेक तिच्याच. पहिली रेकॉर्ड लोकांना आवडली. मग एका जुनाट व्हॅनमधून जर्मनी, हॉलंड, पोलंड. वाद्यांवर झोपायचं, पेट्रोल पंपावर तोंड धुवायचं. ती हे सांगायची तेव्हा तिचे डोळे चमकायचे. त्यानंतर गाणी कोणाची यावरून भांडण झालं. मुलं म्हणाली, गाणी सगळ्यांची, बँडची. कागदावरही तसंच होतं. त्यांनी दुसरी गायिका आणली आणि हेड्डाची गाणी ती गाऊ लागली.

"तू ऐकलंस तिला?"

श्वास आत. "चांगली गाते," हेड्डा म्हणाली. "तेच वाईट आहे."

कुवेतमधलं काम तिला एका एजंटाने दिलं. राहायला जागा, जेवण, ऊन. आदल्या हिवाळ्यात तिच्या स्वरतंतूंना सूज आली होती. डॉक्टरांनी काही आठवडे मौन सांगितलं. मऊ गाणी परत आली. पण तिचं नाव ज्याच्यावर झालं होतं तो वरचा आवाज परत येतोय की नाही, हे तिला कळत नव्हतं. स्टॉकहोममध्ये एक छोटी रेकॉर्ड कंपनी चालवणारा माणूस तिला म्हणाला होता, शरद ऋतूपर्यंत स्वतःची नवी गाणी घेऊन ये, ऐकतो. इकडे हॉटेल आणखी दोन वर्षं ठेवून घ्यायला तयार होतं. मध्ये हा उन्हाळा. म्हणून सरदाब.

आवाज जाणं मला समजत होतं. शिक्षिकांचे आवाज जातात. नोकरी लागल्यावर पहिल्याच वर्षी माझाही गेला होता आणि मी अख्खी तिमाही टाळ्या वाजवून वर्ग गप्प केला होता. गाण्यातलं मात्र मला काही कळत नाही. सा कुठला आणि रे कुठला हे मला आजही सांगता येणार नाही. हेड्डाला ते फार आवडलं. "मग तू खरं सांगशील," ती म्हणाली. "ज्यांना कळतं ते आधी विचार करतात."

इमारतीत उरलेल्या नवऱ्यांनी तक्रार केली आणि अबू सामीने सरदाबला कुलूप लावलं. मग आम्ही गाडी काढली. पश्चिमेकडचं जहरा हे गाव ओलांडून पुढे गेलं की रस्ता उजाड टेकाडावर चढतो आणि दोन्ही बाजूंना फक्त वाळवंट. शुक्रवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, ऊन उतरताना आम्ही तिथे जायचो. गाडीचा एसी शेवटपर्यंत लावून ठेवायचा, मग दार उघडायचं आणि तव्यावर पाय ठेवावा तसं उतरायचं. हेड्डा पाय रोवून उभी राहायची आणि क्षितिजाच्या दिशेने आवाज सोडायची. तिथे तो वेगळा ऐकू यायचा. भिंत नाही, प्रतिध्वनी नाही. आवाज जायचा तो जायचाच. एका ठरावीक जागी मात्र तो फाटायचा. ती थांबायची, थुंकायची, पुन्हा सुरुवात करायची.

"राग येतो का तुला ओरडताना?" मी विचारलं.

"राग आला तर घसा आवळतो. मग काही निघत नाही." तिने माझ्या बरगड्यांखाली हात ठेवला. "इथून. ओझं उचलल्यासारखं. करून बघ."

मी केलं. वर्गात चाळीस मुलांवर दरारा बसवणाऱ्या माझ्या गळ्यातून उंदीर चिरडल्यासारखं काहीतरी निघालं. हेड्डा गाडीच्या बॉनेटला टेकायला गेली, चटका बसून उडाली, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की रस्त्यावरून जाणाऱ्या एका टँकरवाल्याने काळजीने हॉर्न वाजवला. परतताना, त्या हसण्याच्या भरात असेल, मी तिला मार्चमधलं सांगितलं. मुलगी होती, हे सांगितलं. आम्ही तिचं नाव ठरवलं होतं तेही सांगितलं. ते नाव श्रीकांतखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. हेड्डा एकदाच म्हणाली, नीट उच्चारायला शिकव. मी शिकवलं.

गाणी टेप करायला जागा दिली ती हमीदभाईंनी. ते हर्णैचे, शहरात त्यांचं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं आणि कॅसेटचं दुकान. त्यांच्या मुली माझ्या शाळेत होत्या. दुकानामागच्या खोलीत चांगला टेपरेकॉर्डर आणि माईक होता. शुक्रवारी सकाळी दुकान बंद असे तेव्हा ते आम्हाला शटर उघडून द्यायचे. पहिल्या दिवशी हेड्डा सुरू झाली आणि हमीदभाई चहाचा पेला घेऊन माझ्याजवळ सरकले.

"वैनी," ते हळूच म्हणाले, "ही बाय गातंय का कोणाशी भांडतंय?"

"दोन्ही असावं," मी म्हटलं.

तिच्याकडे चार-पाच गाणी झाली होती. ती मला ऐकवायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. मी एकदा खरं ते सांगितलं. वरच्या पट्टीतलं ऐकताना मी तिचं कौतुक करते. पण आवाज फाटून खाली येतो, खर्जात घोगरा होतो, तिथे मी कौतुक विसरते आणि नुसती ऐकते. तिला राग आला. तो खालचा आवाज म्हणजे तिच्या लेखी मोडलेलं हाड होतं, झाकून ठेवायचं. दोन दिवस ती चहाला आली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, "कुठे ते दाखव. नेमकं कुठे." आम्ही टेप मागे-पुढे करत बसलो.

त्यानंतरच्या शुक्रवारी ती नवीन गाणं घेऊन आली. सगळं खालच्या आवाजात. गिटारही हळू. हमीदभाईंनी पेला खाली ठेवला. मला सुरुवातीचे शब्द कळले नाहीत, स्वीडिश होते. चौथ्या ओळीत आमच्या मुलीचं नाव आलं. मी शिकवलं होतं तसंच, अगदी नीट.

गाणं संपलं. ते फार चांगलं होतं. मला गाण्यातलं कळत नाही, तरी एवढं कळलं.

"हे कुणाबद्दल आहे?" मी विचारलं.

"तुला माहीत आहे."

"हो. म्हणून सांगते. हे माझं आहे, हेड्डा."

"मला वाटलं, तुला आवडेल."

"आवडलं. तरी ते तुझं नाही. मी तुला सांगितलं होतं. दिलं नव्हतं."

माझा आवाज चढला नव्हता. चढायची गरज नव्हती. तिने गिटार मांडीवरून खाली ठेवली. तिचा गोरा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. गाणी द्यायची वेळ जवळ आली होती आणि तिच्याजवळ यापेक्षा चांगलं काही नव्हतं, हे आम्हा तिघांनाही समजत होतं.

"बँडची मुलंही मला हेच म्हणाली होती," ती म्हणाली. "तुला आवडेल असं वाटलं." मग हमीदभाईंकडे वळून म्हणाली, "पुसून टाका."

हमीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "वैनी, इचार करा. असा गाना परत नाय व्हायचा."

पुसा म्हणून मी मान हलवली. त्यांनी माईकची वायर काढली, टेप मागे नेली आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. कॅसेटवरचं गाणं पुसायला गाण्याएवढाच वेळ लागतो. तेवढा वेळ आम्ही तिघं त्या खोलीत, फिरणाऱ्या चकत्यांकडे बघत, काहीही न ऐकता बसलो. ते गाणं जगात तिघांनीच ऐकलं. त्याचा मला आज अभिमान आहे. माझाही आणि तिचाही.

घरी आल्यावर मी श्रीकांतला सांगितलं. तो बूट काढत होता. एका पायात बूट, एका हातात बूट असा तो थांबला. "नाव बरोबर घेतलं तिने?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. "ठीक," तो म्हणाला आणि दुसरा बूट काढला.

ऑगस्टच्या अखेरीस कोळंबी पकडण्यावरची बंदी उठते. त्या पहिल्या आठवड्यात मासळीबाजारात नुसती झुंबड असते. श्रीकांत ताजी कोळंबी घेऊन आला, भली मोठी, जाड सालाची. हेड्डा पुसलेल्या गाण्यानंतर प्रथमच घरी आली होती. मी तिच्यापुढे परात सरकवली. डोकं असं मोडायचं, साल अशी काढायची, पाठीवर चीर देऊन काळा धागा असा ओढायचा. ती शिकली. आम्ही समोरासमोर बसून सोलू लागलो. आणि चार-दोन कोळंब्या झाल्या असतील, मी रडायला लागले.

कसं सुरू झालं ते मला सांगता येणार नाही. हात कामात होते, बोटांना मासळीचा वास, डोळे पुसायची सोय नाही. मार्चपासूनचं सगळं आलं, आवाजासकट. जहराच्या पलीकडे जो निघाला नव्हता तो आवाज माझ्या स्वयंपाकघरात निघाला. हेड्डा उठली नाही, जवळ आली नाही, गप्प हो म्हणाली नाही. तिने सोलणं थांबवलं नाही. म्हणून मीही थांबवलं नाही. परात रिकामी होईपर्यंत मी रडले आणि ती सोलत राहिली. श्रीकांत दारात येऊन उभा राहिला, दोघींकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "हळद-मीठ मी लावू का?" मी हो म्हणून मान हलवली. त्या दिवशी जेवण फार चविष्ट झालं होतं. तिघांनी भांडं पुसून खाल्लं.

त्यानंतर तिला गाणी सुचली. पुसलेल्या गाण्याइतकं चांगलं एकही नव्हतं, असं तिचं मत. पण तिने त्या खालच्या आवाजाला आता हाकललं नाही. त्याला गाण्याच्या मध्ये जागा दिली आणि वरचा आवाज जिथे खरंच हवा तिथेच वापरला. हॉटेलच्या मॅनेजरने तिला दोनदा बोलावून समजावलं. इथे काय वाईट आहे? तिकडे कोण वाट बघतंय? तिने त्यालाही तोच आत ओढलेला श्वास दिला असणार आणि तो काय समजला असेल कोण जाणे. सप्टेंबर संपताना, कुटुंबं गावाहून परतून जिना पुन्हा फोडण्यांनी भरला होता तेव्हा, ती गेली. गिटार अबू सामीने खाली नेली. सरदाबला कुलूप लावणाराही तोच होता. गाडी वळेपर्यंत हात हलवत उभाही तोच राहिला.

पुढचं सगळं मी लांबून पाहिलं. स्वतःच्या नावाने तिची पहिली रेकॉर्ड निघाली आणि बुडाली. त्या हिवाळ्यात तिने गावात शाळेची बस चालवली. फोनवर म्हणाली, "मुलं फार ओरडतात. आवाज टाकायची पद्धत चुकीची आहे त्यांची." दुसरी रेकॉर्ड दोन वर्षांनी आली आणि ती चालली. जर्मनी, फिनलंड, मग जपान. जुन्या बँडच्या मुलांनी एका खास कार्यक्रमासाठी परत बोलावलं, तेव्हा तिने कडवटपणा न ठेवता कळवलं की त्या महिन्यात तिचे स्वतःचे कार्यक्रम आहेत. कुवेतच्या दुकानांत तिच्या सीडी मिळत नसत. हमीदभाई कुणाकुणाला सांगून दुबईहून मागवून घ्यायचे आणि काउंटरखाली आमच्यासाठी ठेवायचे. स्वतःही ऐकायचे. "आता बाय भांडत नाय," एकदा म्हणाले. "आता निकाल लागलाय."

पुढे इंटरनेट आलं आणि तिचे फोटो दिसू लागले. काळे कपडे, धूर, निळे दिवे. मग एक दिवस माझ्या अकरावीच्या वर्गातल्या तन्वीच्या वहीच्या कव्हरवर मला हेड्डाचं चित्र दिसलं. तन्वी ठाण्याच्या कुटुंबातली, जन्म इथला. मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी.

"ही ओळखीची आहे माझ्या," मी म्हटलं.

"नो वे, मिस."

"माझ्या घरी कोळंबी सोललीय तिने."

तन्वीने माझ्या सुती साडीकडे, मग चित्राकडे पाहिलं. "मिस, यू अ‍ॅक्च्युअली लिसन टू धिस?"

"ऐकते की. नव्या रेकॉर्डमधलं दुसरं गाणं जरा लांबलंय, नाही?"

तेव्हापासून त्या वर्गात हिंदीच्या तासाला मला कधी आवाज चढवावा लागला नाही.

आम्हाला मूल झालं नाही. मी आमच्या शाळेची पर्यवेक्षिका झाले, शेकडो मुलं शिकून बाहेर पडली, श्रीकांतच्या हाताखाली नवे इंजिनियर तयार झाले. आयुष्य झालं, आणि ते लहान नव्हतं. गावच्या बायकांचे हात मी पुढच्याच उन्हाळ्यात हातात घेतले; तोवर त्यांना द्यायला माझ्याजवळही काही होतं. कधीकधी वाटतं, हेड्डाला लोक ओरडणारी म्हणून ओळखतात, पण तिच्याकडून मी शिकले ते केव्हा ओरडायचं नाही हे. हातातलं सर्वांत चांगलं गाणं सोडून देऊनही गाणारी माणसं पुढे जातात. तिच्या घशाचं जे मोडलं होतं ते पूर्वीसारखं जुळलं नाही; तिने त्याच्यासकट घर बांधलं आणि ते टिकलं.

तन्वी शाळेतून बाहेर पडल्यावर काही वर्षांनी एका हिवाळ्यात दुबईच्या बाहेर, वाळवंटाच्या कडेला, अशा संगीताचा मोठा जलसा होता. हेड्डाने आम्हा दोघांचे पास पाठवले. श्रीकांतने इस्त्रीचा चौकड्यांचा शर्ट घातला, मी पंजाबी ड्रेस. मैदानभर काळे टी-शर्ट घातलेली तरुण मुलं, आणि आम्ही मध्ये, चुकून आलेल्या परीक्षकांसारखे. एक केसाळ मुलगा अदबीने म्हणाला, "अंकल, कानात घालायला हे घ्या," आणि श्रीकांतला कापसाचे बोळे दिले.

ती मुख्य गायिका नव्हती. तिची वेळ दुपारची, मोठ्या नावांच्या आधीची, मैदान अर्धं भरलेलं. ऊन तिच्या तोंडावर होतं. वेणी आता करड्या रंगाची, अंगावर साधा काळा सदरा. ती आली, पाय रोवले आणि सुरू झाली. पुढच्या रांगांतल्या मुलांना तिची गाणी शब्दन् शब्द पाठ होती. मागचे लोक खाण्याच्या गाड्यांपाशी होते. ते हळूहळू पुढे आले. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. शेवटच्या गाण्यात तिने बँड थांबवला आणि नुसत्या खालच्या आवाजात एक कडवं गायलं, आणि एवढं मोठं मैदान गप्प झालं. श्रीकांतने कानातले बोळे काढून खिशात ठेवले. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानेही माझ्याकडे पाहिलं नाही.

नंतर मंचामागे आम्ही कागदी कपांतून चहा प्यायलो. तिने श्रीकांतला मिठी मारली, त्याला कुठे बघावं कळेना. तिच्या बँडची मुलं थांबून पुढचे कार्यक्रम ऐकणार होती. तिला हॉटेलवर जायचं होतं. आमच्याकडे भाड्याची गाडी होती. "सोडतो की," श्रीकांत म्हणाला.

ती मागे बसली, बूट काढले, पाय सीटवर घेतले. सूर्य अजून मावळायचा होता. मी तिला काहीतरी विचारायला वळले तर ती झोपलेली. तोंड किंचित उघडं, एक हात गळ्यावर. मी श्रीकांतला म्हटलं, "अरे, पुढचं वळण आपलं आहे ना?" त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," तो कुजबुजला. "दमलीय ती."

मग सगळा रस्ता आम्ही दोघं कुजबुजत भांडलो. डावीकडे की उजवीकडे, हा पूल की पुढचा. दोनदा चुकलो. हॉटेल आलं तेव्हा श्रीकांतने गाडी सावलीला लावली, एसी चालू ठेवला आणि हॉर्न वाजवणाऱ्या मागच्या टॅक्सीवाल्याला हाताने बाजूने जा म्हणून खुणावलं.

"उठवू?" मी नुसत्या ओठांनी विचारलं.

त्याने नको म्हणून मान हलवली. आम्ही आवाज न करता बसून राहिलो.